मदत हवी आहे: एकाच ब्रेल डिस्प्लेवर दोन वापरकर्ते, दोन भाषा (लिनक्स)

एका संगणकावर दोन खाती आहेत. एकाला मराठी भारती ब्रेल हवी, दुसऱ्याला इंग्रजी. डिस्प्ले (उठणाऱ्या ठिपक्यांतून मजकूर बोटांनी वाचायचं उपकरण) एकच, यूएसबीने जोडलेला. डेबियन लिनक्स, सेवा चालवायला सिस्टिमडी, डेस्कटॉपवर ऑर्का हा स्क्रीन रीडर.

डेस्कटॉपवर अडचण नाही. ऑर्काची सेटिंग्ज खात्यागणिक वेगळी राहतात, तिथे लिबलुई या ब्रेल-रूपांतर लायब्ररीचे तक्ते निवडले आणि काम झालं. अडतं ते टेक्स्ट कन्सोलवर (डेस्कटॉपशिवायचा, फक्त अक्षरांचा पडदा). तिथे डिस्प्लेवर ब्रेल दाखवणारी बीआरएलटीटीवाय ही सेवा संपूर्ण यंत्रणेसाठी एकच चालते, त्यामुळे टेक्स्ट टेबलही (कोणत्या अक्षराला कोणते ठिपके, ते ठरवणारा तक्ता) सगळ्यांना एकच.

करून पाहिलेलं: टेबल ‘ऑटो’वर ठेवलं, पण सेवा लॉगिनच्या आधीच सुरू होत असल्याने ती यंत्रणेचं लोकेल (भाषेची सेटिंग) धरते, वापरकर्त्याचं नाही. मेनूतून बदललेलं टेबल सेव्ह केलं की दुसऱ्यालाही तेच मिळतं. दुसरी प्रत चालवली, तर डिस्प्ले आधीच पहिलीच्या ताब्यात. लॉगिनवेळी कॉन्फिग बदलून सेवा रीस्टार्ट केली. टेबल बदलतं, पण ब्रेलएपीआयची (ऑर्का ज्यातून बीआरएलटीटीवायशी बोलतो, त्या दुव्याची) जोडणी तुटून दुसऱ्या सत्रातल्या ऑर्काचं ब्रेल थांबतं.

दोघांचीही सत्रं एकाच वेळी उघडी असतात आणि रूट (प्रशासकाचे) अधिकार त्यांना द्यायचे नाहीत. दुसरा डिस्प्ले घेणं शक्य नाही.

सेवा रीस्टार्ट न करता, कन्सोल बदलताच त्या वापरकर्त्याचं टेबल आपोआप लागू करता येईल का? ब्रेलएपीआयच्या पॅरामीटरमधून कुणी हे केलं आहे का?