मदत हवी आहे : ब्लॅकस्टोनच्या वाढीत कर्ज, कामगिरी आणि शुल्क यांचे वाटे वेगळे कसे काढावेत?

नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात एम.कॉम.च्या विद्यार्थ्यांना वित्तीय व्यवस्थापन शिकवते. येत्या सत्रासाठी प्रायव्हेट इक्विटी संस्थांवर (म्हणजे गुंतवणूकदारांचा पैसा आणि कर्ज यांतून कंपन्या विकत घेऊन पुढे नफ्यात विकणाऱ्या संस्थांवर) एक प्रकरण तयार करत आहे आणि त्यात ब्लॅकस्टोन ही न्यूयॉर्कची एकच संस्था मुळापासून समजावून द्यावी, असे ठरवले आहे. माहितीची कमतरता नाही. मात्र या संस्थेच्या वाढीची जी कारणे सरसकट सांगितली जातात, ती मला एकमेकांत मिसळलेली वाटतात. ती सोडवून घेण्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे.

प्रथम मला जे उमगले आहे ते मांडते. १९८५ मध्ये स्टीफन श्वार्झमन आणि पीटर पीटरसन या लेहमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेतून बाहेर पडलेल्या दोघांनी चार लाख डॉलरच्या भांडवलावर ही संस्था सुरू केली. पीटरसन हे निक्सन यांच्या काळात अमेरिकेचे वाणिज्यमंत्री होते, त्यामुळे ओळखींची वानवा नव्हती, तरीही पहिला फंड उभारताना दोघांना पुष्कळ दारे ठोठवावी लागली. प्रुडेन्शियल या विमा कंपनीने १० कोटी डॉलर दिले, तेव्हा कुठे इतरांचा विश्वास बसला. ८० कोटी डॉलरहून मोठ्या त्या फंडाची उभारणी १९ ऑक्टोबर १९८७ च्या शेअर बाजारातील पडझडीच्या अगदी तोंडावर पूर्ण झाली. थोडा उशीर झाला असता तर कदाचित आज हा प्रश्न विचारण्याची वेळच आली नसती, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

त्यानंतर जून २००७ मध्ये संस्थेने स्वतःचे शेअर बाजारात आणले, तेव्हा तिच्या व्यवस्थापनाखाली सुमारे ८८ अब्ज डॉलर होते. जुलै २०२३ मध्ये हा आकडा एक हजार अब्ज डॉलरपर्यंत पोहोचला. म्हणजे पहिल्या बावीस वर्षांत जेवढे जमले, त्याच्या अकरापटीहून अधिक पुढच्या सोळा वर्षांत झाले, आणि या सोळा वर्षांतच २००८ चे महासंकट येऊन गेले. ही वाढ निव्वळ उत्तम कंपन्या निवडण्याच्या कौशल्यातून झाली, हे स्पष्टीकरण मला पुरेसे वाटत नाही.

दोन बाह्य कारणे उघड आहेत. १९७९ मध्ये अमेरिकेच्या कामगार खात्याने निवृत्तिवेतन निधींच्या गुंतवणुकीचे नियम अधिक सैल अर्थाने लावण्यास मान्यता दिली आणि त्या निधींचा पैसा अशा फंडांकडे वळू लागला. दुसरे कारण व्याजदराचे. अमेरिकी सरकारच्या दहा वर्षांच्या रोख्यांवरील परतावा १९८१ मध्ये पंधरा टक्क्यांच्या वर होता, १९८५ मध्ये दहा टक्क्यांच्या आसपास होता आणि २०२० मध्ये तो एका टक्क्याच्याही खाली गेला. कर्ज काढून कंपन्या विकत घेणाऱ्या धंद्याला चाळीस वर्षे असा उतार मिळाला, तर चालकाच्या कौशल्याचे श्रेय किती आणि उताराचे किती?

हिल्टन हॉटेल्सच्या सौद्यात हा गुंता फार स्पष्ट दिसतो. २००७ मध्ये ब्लॅकस्टोनने ही कंपनी सुमारे २६ अब्ज डॉलरना घेतली. त्यांपैकी साधारण साडेपाच अब्ज फंडांचे आणि उरलेले वीस अब्जांहून अधिक कर्जाचे होते. वर्षभरात प्रवासच थंडावला, हॉटेलांच्या खोल्या रिकाम्या राहू लागल्या आणि या गुंतवणुकीचे पुस्तकी मूल्य सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरवावे लागले. २०१० मध्ये ब्लॅकस्टोनने आणखी सुमारे ८० कोटी डॉलर घातले आणि धनकोंशी बोलणी करून कर्जाचा बोजा वीस अब्जांवरून सोळा अब्जांच्या आसपास आणला. बेअर स्टर्न्स ही गुंतवणूक बँक बुडाल्यानंतर तिच्याकडील हिल्टनच्या कर्जाचा भाग न्यूयॉर्क फेडरल रिझर्व्हच्या ताब्यात आला होता, त्यामुळे या बोलणीत एक धनको चक्क मध्यवर्ती बँकेच्या बाजूचा होता. दरम्यान नवे मुख्य कार्यकारी ख्रिस्तोफर नसेटा यांनी मुख्यालय कॅलिफोर्नियातून व्हर्जिनियात हलवले आणि इतरांच्या मालकीच्या हॉटेलांना हिल्टनचे नाव व व्यवस्थापन देण्याच्या व्यवसायावर भर दिला. डिसेंबर २०१३ मध्ये कंपनी पुन्हा बाजारात नोंदली गेली आणि २०१८ मध्ये ब्लॅकस्टोन पूर्णपणे बाहेर पडली, तोवर सुमारे १४ अब्ज डॉलरचा नफा झाला होता. या चौदा अब्जांत व्यवस्थापनाची कर्तबगारी, धनकोंनी सोडलेले पाणी आणि २००९ नंतरचे स्वस्त व्याज यांचे वाटे कसे पाडावेत, हा माझा पहिला प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न अधिक मूलभूत आहे. प्रायव्हेट इक्विटीचा मूळ साचा असा की फंडाची मुदत साधारण दहा वर्षांची, गुंतवणूकदारांकडून दरवर्षी व्यवस्थापन शुल्क, आणि ठरलेला किमान परतावा ओलांडला की नफ्यात संस्थेचा सहसा वीस टक्के वाटा. मुदत संपली की पैसे परत करायचे आणि पुन्हा झोळी घेऊन निघायचे. ब्लॅकस्टोनने मात्र हळूहळू नवे व्यवसाय जोडत असा पैसा गोळा केला, जो ठरलेल्या मुदतीला परत करावाच लागत नाही. १९९१ पासून स्थावर मालमत्ता, २००८ मध्ये जीएसओ ही कर्जव्यवहारातील संस्था विकत घेऊन पतपुरवठा, २०१७ मध्ये सामान्य श्रीमंतांसाठी बीरीट हा स्थावर मालमत्तेचा न्यास, २०२१ मध्ये एआयजी या अमेरिकी विमा कंपनीच्या आयुर्विमा व्यवसायात ९.९ टक्के हिस्सा आणि त्यासोबत त्या विमाधारकांच्या पैशाचे व्यवस्थापन. २०२४ अखेर अशा कायमस्वरूपी भांडवलाचा आकडा चारशे अब्ज डॉलरच्या वर होता, आणि संस्थेचा सर्वांत मोठा विभाग कंपन्या विकत घेण्याचा नव्हे, तर पतपुरवठा आणि विम्याचा होता. तेव्हा ‘ब्लॅकस्टोन वाढली’ म्हणताना आपण गुंतवणूकदारांना मिळालेल्या परताव्याची गोष्ट सांगतो की संस्थेच्या शुल्काची? माझ्या मते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि विद्यार्थ्यांना त्या वेगळ्याच शिकवायला हव्यात. २०२२ च्या अखेरीस बीरीटमधून पैसे काढून घेणाऱ्यांची रीघ लागली आणि न्यासाच्या मूल्याच्या महिन्याला दोन टक्के, तिमाहीला पाच टक्के या मर्यादेमुळे अनेकांना थांबावे लागले, तेव्हा त्यांतला फरक गुंतवणूकदारांनाही कळला असेल.

विद्यार्थ्यांना जवळची वाटतील अशी उदाहरणेही हवी आहेत. टूथपेस्टच्या ट्यूब बनवणारी, ठाणे जिल्ह्यातील वासिंद येथे नोंदणीकृत कार्यालय असलेली एस्सेल प्रोपॅक, म्हणजे आताची ईपीएल, हिच्यात २०१९ मध्ये ब्लॅकस्टोनने बहुमताचा हिस्सा घेतला. हिंजवडीतील एम्बसी टेकझोन हे कार्यालय संकुल ज्या एम्बसी रीटमध्ये आहे, तो भारतातील पहिला रीट (स्थावर मालमत्तेचा न्यास) २०१९ मध्ये बाजारात आला, त्यातही ब्लॅकस्टोन होती आणि डिसेंबर २०२३ मध्ये ती पूर्णपणे बाहेर पडली. २०१६ मध्ये घेतलेली एम्फसिस ही माहिती तंत्रज्ञान कंपनी २०२१ मध्ये ब्लॅकस्टोनच्याच एका फंडाने ब्लॅकस्टोनच्याच नव्या फंडांना विकली. विकणारा आणि घेणारा एकाच छत्राखाली असताना या विक्रीकडे कसे पाहावे, हेही समजून घ्यायचे आहे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना झेपेल अशी पद्धत आणि खात्रीशीर आकडे कुठे मिळतील, हे कोणी सांगितले तर फार उपकार होतील.

प्रतिसाद

नमस्कार मॅडम. पुण्यात फंड अकाउंटिंगच्या कामात बरीच वर्षे घालवली आहेत, त्यामुळे आपला प्रश्न वाचून मनापासून आनंद झाला. परतावा आणि शुल्क वेगळे करण्याचा आपला आग्रह अगदी योग्य आहे; हा भेद केला नाही तर बाकीचा हिशेब व्यर्थ आहे.

पहिल्या प्रश्नासाठी फळ्यावर एक काल्पनिक सौदा मांडा. कंपनीचा वार्षिक परिचालन नफा १० कोटी; ती नफ्याच्या दसपट, म्हणजे १०० कोटींना घेतली; त्यात ६० कोटी कर्ज, ४० कोटी स्वतःचे. पाच वर्षांनी नफा १३ कोटी झाला, बाजार तेजीत म्हणून बारापट भाव मिळाला, विक्री १५६ कोटींना झाली. मधल्या काळात कंपनीच्या रोकडीतून २० कोटी कर्ज फिटले, ४० कोटी उरले. हाती आले ११६ कोटी, म्हणजे लाभ ७६ कोटी. आता फोड करा. नफा ३ कोटींनी वाढला, त्याला जुना भाव दसपट, म्हणून ३० कोटी कामगिरीचे. भाव दसपटीवरून बारापटीवर गेला, या दोनच्या वाढीला जुना नफा १०, म्हणून २० कोटी बाजाराचे. दोन्हींच्या गुणाकाराचे ६ कोटी, आणि कर्जफेडीचे २०. बेरीज ७६ जुळते.

पण इथे थांबू नका, कारण कर्जाचा खरा परिणाम या फोडीत दिसत नाही. हाच सौदा कर्जाशिवाय केला असता तर १०० कोटी घालून विक्रीचे १५६ आणि साठलेली रोकड किमान २० मिळून १७६ कोटी हाती आले असते. व्याज वाचले असते ते वेगळेच. म्हणजे पैसे पावणेदोन पट. कर्जासह ४० चे ११६ झाले, म्हणजे जवळजवळ तिप्पट. या दोन पटींमधले अंतर कर्जाने दिले, आणि विक्रीची किंमत खरेदीच्या किमतीपेक्षा पाव भागाने कमी आली असती तर हेच अंतर उलटे फिरले असते, हेही फळ्यावर करून दाखवा. हिल्टनमध्ये मी धनकोंची सूट स्वतंत्र रकान्यात लिहिली असती, कारण तो लाभ ना हॉटेल चालवण्यातून आला, ना बाजारातून.

आकड्यांसाठी दोन जागा. ब्लॅकस्टोन स्वतः सूचिबद्ध असल्याने अमेरिकेच्या भांडवल बाजार नियामकाकडे तिचा वार्षिक अहवाल असतो आणि त्यात फंडनिहाय गुंतवणूकदारांनी कबूल केलेली रक्कम, विकून आलेली रक्कम आणि न विकलेल्याचे मूल्य यांचे तक्ते असतात. दुसरी जागा म्हणजे कॅलपर्स, कॅलिफोर्नियाच्या सरकारी कर्मचाऱ्यांचा निवृत्तिवेतन निधी. त्याच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रायव्हेट इक्विटी फंडात किती भरले आणि किती रोख परत आले, हे दिलेले असते. विद्यार्थ्यांना आयआरआरपेक्षा (म्हणजे पैसे किती काळ गुंतले हे धरून काढलेल्या वार्षिक परताव्याच्या दरापेक्षा) हे गुणोत्तर आधी शिकवा. फंड पहिले काही महिने गुंतवणूकदारांकडे पैसे न मागता बँकेच्या कर्जावर खरेदी करतो, तेव्हा गुंतवणूकदाराचे घड्याळ उशिरा सुरू होते आणि आयआरआर फुगतो. भरलेल्या रुपयामागे हाती आलेला रुपया मात्र त्याने फुगत नाही. शुल्कासाठी त्याच वार्षिक अहवालात व्यवस्थापन शुल्क आणि नफ्यातील वाटा वेगवेगळे दाखवलेले असतात. काही वर्षांचे हे दोन आकडे शेजारी ठेवले की आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थी स्वतःच देतील.

भारतातील उदाहरणांबाबत एक महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडे बँकांना कंपन्यांच्या शेअर खरेदीसाठी कर्ज देण्यावर दीर्घकाळ कडक निर्बंध होते, त्यामुळे अमेरिकेसारखा तीन-चतुर्थांश कर्जाचा सौदा इथे सहज जमत नसे. म्हणून ईपीएल आणि एम्फसिस यांचा हिशेब केला तर कर्जाचा रकाना हिल्टनपेक्षा लहान निघावा आणि नफावाढ व बाजारभाव हेच दोन मोठे रकाने ठरावेत. आपल्याला कर्ज आणि कौशल्य वेगळे करायचे आहे ना? मग भारतातील सौदे हीच उत्तम चाचणी आहे.

एम्फसिसच्या विक्रीबाबत मी एवढेच म्हणेन की जुन्या फंडाच्या गुंतवणूकदारांसाठी ती खरी विक्री होती, त्यांना रोख मिळाली. कंपनी सूचिबद्ध असल्याने भाव ताडून पाहण्याची सोय होती आणि अबू धाबीचा सार्वभौम (सरकारी) निधी व कॅलिफोर्निया विद्यापीठाचा निधी असे बाहेरचे मोठे गुंतवणूकदार सोबत आले. संस्थेच्या दृष्टीने मात्र शुल्क देणारी मालमत्ता छत्राबाहेर गेली नाही. त्यामुळे परताव्याच्या तक्त्यात ती ‘विक्री’ लिहा आणि शुल्काच्या तक्त्यात ‘कायम’.

धागाकर्ती

इतक्या सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभारी आहे. परताव्याचा तक्ता आणि शुल्काचा तक्ता अशी दोन पाने करून प्रत्येक सौदा दोन्हींत लिहायचा, ही कल्पना मी जशीच्या तशी स्वीकारत आहे. एकच सौदा दोन पानांवर दोन वेगळ्या तऱ्हेने नोंदला जातो, हे विद्यार्थ्यांना एम्फसिसमुळे ताबडतोब पटेल. तिच्यात पैसे घालणारे कॅलिफोर्निया विद्यापीठ जानेवारी २०२३ मध्ये बीरीटमध्येही उतरले आणि चार अब्ज डॉलर घालताना किमान सव्वाअकरा टक्के परताव्याची हमी घेऊन उतरले, हे वाचले होते. पण रांगेत थांबलेल्या लहान गुंतवणूकदाराला अशी हमी नव्हती, हा मुद्दा आता शुल्काच्या पानावर नेमका बसतो, कारण ती हमी ब्लॅकस्टोनने स्वतःच्या बीरीटमधील हिश्शातून दिली होती.

आता ईपीएलपासून सुरुवात करते. एस्सेल प्रोपॅकचे २०१८-१९ चे आणि त्यानंतरचे वार्षिक अहवाल घेऊन आपल्या फळ्यावरच्या फोडीप्रमाणे तक्ता मांडेन. एक शंका उरते: मधल्या वर्षांत भागधारकांना मिळालेला लाभांश कर्जफेडीच्या रकान्यात धरावा, की त्याला पाचवा रकाना द्यावा? माझा कल पाचव्या रकान्याकडे आहे, कारण ती रोकड कंपनीबाहेर गेलेली असते. आपले आणि इतर जाणकारांचे मत कळावे. त्यानुसार तक्ता पूर्ण करून याच धाग्यात तपासणीसाठी ठेवेन.