मदत हवी आहे: कोंबुचावर (आंबवलेल्या गोड चहावर) सारखा पांढरा थर येतोय, मदर (चहा आंबवणारी जाड चकती) वाचेल का?

कोथरूडला राहते. पावसाळा लागल्यापासून कोंबुचाच्या प्रत्येक बॅचला हाच त्रास आहे. चौथ्या दिवसापर्यंत वर पातळ, कोरडा, सुरकुतलेला पांढरा थर धरतो. ढवळला की तुकडे होऊन खाली बसतो, पण लगेच नवा येतो. लव नाही, हिरवे-काळे डागही नाहीत, त्यामुळे बुरशीपेक्षा काह्म यीस्ट (आंबवलेल्या पदार्थांवर पांढरा पापुद्रा धरणारं यीस्ट) वाटतंय. वास मात्र आंबूस यायच्या ऐवजी शिळ्या पावासारखा येतो, आणि त्याचीच जास्त काळजी वाटते.

४ लिटरची काचेची बरणी आहे. लिटरला ८ ग्रॅम साधा काळा चहा, ७० ग्रॅम साखर आणि आधीच्या बॅचचं आंबट पाणी १० टक्के. चहा पूर्ण गार झाल्यावरच मदर घालते. तोंडाला दुपदरी सुती कापड. पट्टीवर सुरुवातीचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तितकं जास्त आंबट) ४.५ च्या आसपास दिसतो.

बरणी उकळत्या पाण्याने धुऊन व्हिनेगरने विसळली, कापड बदललं, इडलीच्या पिठापासून आणि फळांच्या टोपलीपासून लांब ठेवली. मैत्रिणीकडून नवी मदरसुद्धा आणली. फरक शून्य. चहा सुगंधी किंवा मसाल्याचा नाही. जागा स्वयंपाकघरातच, दुसरी खोली मिळणार नाही.

आंबट पाणी २० टक्के करून सुरुवातीचाच पीएच ४ च्या खाली आणला तर हा थर थांबेल का? की एवढं झाल्यावर मदर आणि जुनं पाणी दोन्ही टाकून नव्यानेच सुरुवात करावी?