‘इन्व्हेंटरी’ला बडोद्यात काय म्हणायचं?

मकरपुराकर
मंडळाच्या दिवाळी अंकासाठी माझ्या कामावर लेख मागितलाय. काम असं: कारखान्यात जेवढे सर्व्हर आहेत त्या प्रत्येकाला माझी स्क्रिप्ट, म्हणजे मी लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, रात्री जाऊन विचारते, प्रोसेसर कुठला, रॅम किती, डिस्क किती भरली, सॉफ्टवेअर कोणकोणती आणि कुठल्या आवृत्तीची. सकाळी तक्ता तयार. याला आम्ही सगळे इन्व्हेंटरी म्हणतो. पहिल्याच पानावर तो शब्द आठ वेळा आला म्हणून आईने कागद परत केले. ‘यादी’ लिहिलं तर वाण्याची वाटते. ‘जंत्री’ कसा वाटतो?

सासर_बडोदं
जंत्री अजिबात नको. माहेरी पुण्याला ‘नावांची जंत्री’ चालते. इथे जंत्री म्हणजे जमिनीचा सरकारी दर. फ्लॅटच्या दस्तापायी महिनाभर तेवढंच ऐकत होते. लोक विचारतील, सर्व्हरची जंत्री यंदा वाढली का?
आणि यादीत वाईट काय आहे? वाण्याच्या यादीत जे आणायचं ते, तुमच्या यादीत जे घरात आहे ते.

पेन्शनर
महाराष्ट्रात सरकारी नोकरी केली, आता लेकीकडे दांडिया बाजारात असतो. आमच्याकडे यासाठी ‘जडवस्तू संग्रह नोंदवही’ होती. टेबल, खुर्ची, पंखा आणि पुढे संगणकसुद्धा तिच्यातच चढले. मोडकं काढायचं तर ‘निर्लेखन’. शब्द तयार आहेत, नवे कशाला घडवता?

मकरपुराकर
काका, हार्डवेअर जड आहे हे कबूल, दोन सर्व्हर जिन्यावरून मीच उचलून नेलेत. पण सॉफ्टवेअर कुठल्या वहीत घालू? शिवाय पंखा एकदा वहीत चढला की निर्लेखनापर्यंत तसाच राहतो. सर्व्हरवर काल संध्याकाळी कोणी काय चढवलं ते आज सकाळी कळायला हवं.

मोडीवाचक
तुम्हाला ‘झाडा’ हवा आहे. पेशवाईतल्या कागदांत ‘जमीन झाडा’ भेटतो: गावची एकूण जमीन किती, लागवडीखाली किती, इनाम किती, पडीक किती. नुसती नावं नाहीत, प्रत्येक बाबीचा हिशेब. ‘झाडा देणे’ म्हणजे आपल्या ताब्यात काय काय आहे ते तपशीलवार सांगणे. तुमची स्क्रिप्ट प्रत्येक सर्व्हरकडून झाडाच घेते. आज आपल्याकडे फक्त ‘झाडाझडती’ उरली, आणि तीही साहेब रागावले की.

सासर_बडोदं
काका, शब्द सुंदर आहे हो, पण आपण बडोद्यात आहोत! गुजरातीत ‘झाडा’ म्हणजे जुलाब. ‘सर्व्हरला झाडा झाला’ असं ऑफिसात कोणी ऐकलं तर ओआरएसचं पाकीट घेऊन धावतील. 😄

मोडीवाचक
तो अर्थ मराठीतही आहे, आमच्या आजीच्या तोंडी होता. दोन्हींच्या मुळाशी झाडणे, म्हणजे बाहेर काढून मोकळं करणे. पण हरलो.

ग्रंथपाल_मावशी
मकरपुराकर, तुझी अडचण अशी आहे की इंग्रजीत एकाच शब्दात तीन गोष्टी बसल्यात. असलेला माल, तो मोजायचं काम आणि मोजून झालेला कागद. आपण तिन्हींना एक शब्द लावत नाही. ग्रंथालयात पुस्तकं हा ‘संग्रह’. पुस्तक आलं की ‘दाखल नोंदवही’त चढतं. आणि वर्षातून एकदा कपाटं उघडून करतो ती ‘मोजदाद’. दाखल नोंदवही सांगते काय असायला हवं, मोजदाद सांगते काय आहे. यातलं तुझी स्क्रिप्ट काय करते?

मकरपुराकर
मावशी, मोजदाद! आणि तीसुद्धा नीट विचारली तरच. एक नमुना देतो. सुटे भाग आणून जोडून घेतलेल्या दोन मशीनना बायोसमधून, म्हणजे मशीन चालू होताना आधी जागा होणाऱ्या प्रोग्रॅममधून, सीरियल नंबर विचारला, तर दोघांनी उत्तर दिलं ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’. बनवणाऱ्याने रकाना भरलाच नव्हता. मी सीरियल नंबर हीच ओळख धरली होती, म्हणून तक्त्यात दोन मशीनची एक झाली. मोजली दोन, दिसलं एक.
दुसरं सॉफ्टवेअरचं. विंडोजला ‘विन३२ प्रॉडक्ट’ या वर्गातून विचारलं की वाटतं आपण नुसतं विचारतोय. प्रत्यक्षात विंडोज इन्स्टॉलर त्याने बसवलेलं एकेक पॅकेज तपासायला घेतो आणि काही बिघडलेलं दिसलं तर दुरुस्तही करू लागतो. मोजणाऱ्यानेच कपाटातली पुस्तकं हलवली म्हणा ना. म्हणून मी आता रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीतली, अनइन्स्टॉलची नोंद वाचतो, ३२ बिटवाल्या प्रोग्रॅमची वेगळी जागा असते तीही. इन्स्टॉलर न वापरता कोणी नुसता फोल्डर आणून ठेवला असेल तर तो मात्र या वाचनात सापडत नाही.
लिनक्सवाल्यांचं बरं आहे. तिथली ‘डीएमआयडीकोड’ ही हार्डवेअरची माहिती देणारी आज्ञा रॅमची रिकामी खाचसुद्धा सांगते: इथे काही बसवलेलं नाही.

मोडीवाचक
रिकामी खाच सांगते? मग तो ‘पडीक किती’चा रकाना झाला! माझा झाडाच तो.

पेन्शनर
जुलाबावरून पुन्हा झाड्यावर आलात.

मोडीवाचक
😀 बरं, मोजदाद घ्या. माझ्या मते त्यात ‘मोजणे’ नंतर मिसळलं असावं. मला त्यात उर्दूतला ‘मौजूदात’ ऐकू येतो, म्हणजे जे जे हजर आहे ते. तुमच्या कामाला तोच अर्थ लागतो.
सयाजीराव महाराजांनी १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ छापवला, त्यात कारभाराच्या शब्दांना निरनिराळ्या भाषांतले प्रतिशब्द शेजारी शेजारी मांडलेत. शब्दावरून खल करायची या गावाची खोड जुनी आहे. आणि आपली रावपुऱ्याची कोठी? कोठी म्हणजे साठ्याची जागाच, तिचा हिशेब ठेवणारा तो कोठावळा. लेखात स्वतःला कोठावळा म्हणवून घ्या.

सासर_बडोदं
सर्व्हरांचा कोठावळा! हे मथळ्यात टाका. आणि ‘सर्व्हर्सची’ नको, ‘सर्व्हरांची’. डॉक्टरांची म्हणतो तशी.

मकरपुराकर
ठरलं. काम ती ‘मोजदाद’, सकाळचा कागद तो ‘मोजदाद-तक्ता’. एक अडलंय. रात्री बंद असलेला सर्व्हर उत्तर देत नाही. आधीच्या स्क्रिप्टमध्ये त्याची ओळच गळायची, जणू तो नव्हताच. आता नावांची यादी वेगळी ठेवलीय आणि उत्तर आलं नाही तरी ओळ उमटते. त्या रकान्यात काय लिहू? ‘नाही’ लिहिलं की साहेब विचारतात, कुठे गेला?

ग्रंथपाल_मावशी
आम्ही ‘जागेवर नाही’ आणि ‘गहाळ’ वेगळं लिहितो. वाचक घरी घेऊन गेला असेल तर तिसरंच. एकदम गहाळ लिहू नकोस, नंतर खोडताना फार सह्या लागतात.

पेन्शनर
‘गैरहजर’ लिहा. हजेरीपटावरचा शब्द आहे, कोणाला समजावावा लागणार नाही.

मकरपुराकर
गैरहजर लिहिलं. काल रात्री तीन निघाले. दोन बंद होते. तिसरा चालू होता, फक्त त्याचं नाव बदललं होतं आणि मला कोणी सांगितलं नव्हतं.