मायक्रोवेव्हमध्ये दोघांपुरता भात: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी इंदूरची. मुलगा पुण्याला गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, म्हणून कुकर न लावता वाटीभर भात मायक्रोवेव्हमध्ये करायचा घाट घातलाय. ८०० वॅटचा साधा सोलो आहे, ग्रिल-कन्व्हेक्शन काही नाही.

एक वाटी तांदूळ अर्धा तास भिजवून, दोन वाट्या पाणी, काचेचं भांडं, फुल पॉवरवर १२ मिनिटं. पाच-सहा मिनिटांतच पेज उतू जाते आणि फिरती थाळी चिकट. वर कडेचा भात टणक, मधे कणी. लहरी अन्नात दोन-तीन सेंटिमीटरच शिरतात, पुढची उष्णता आपली हळूहळू आत सरकते, हे ठाऊक आहे. म्हणून मधे एकदा ढवळून, शेवटी पाच मिनिटं झाकून ठेवलं. कणी गेली, पण उतू जाणं काही थांबेना.

उकळी आल्यावर पॉवर ५० टक्क्यांवर आणावी का? मग वेळ किती लावायचा? झाकण पूर्ण ठेवायचं की थोडी फट? आणि तुरीची डाळ यात खरंच शिजते, की ती कुकरलाच बरी?

(पोहे वाफवायला मात्र झकास. वर जिरावण, म्हणजे आमचा इंदुरी मसाला, भुरभुरलं की हे इथल्या छप्पन दुकान या खाऊगल्लीचं नावही काढत नाहीत!)