कॅम्पचे रिपोर्ट ग्रुपवर कोणी टाकले?

वैशाली (बी-३०२): नमस्कार. एक विचारायचंय. रविवारच्या लिव्हर कॅम्पची अख्खी पीडीएफ ग्रुपवर कोणी टाकली आणि का? त्यात आमच्या ह्यांचं नाव, वय, वजन सगळं आहे आणि पुढे लाल अक्षरात फॅटी लिव्हर. सकाळी दूध घ्यायला खाली गेले तर वॉचमन विचारतो, मॅडम साहेबांची तब्येत बरी आहे ना

सेक्रेटरी (ए-१०४): सर्व सभासदांना नमस्कार 🙏 कॅम्पवाल्यांनी एकच फाइल दिली होती, प्रत्येकाला वेगळी पाठवण्यात वेळ गेला असता म्हणून सर्वांच्या सोयीसाठी टाकली. फाइल डिलीट केली आहे. कोणाचं मन दुखावलं असल्यास दिलगीर.

वैशाली (बी-३०२): मन दुखावण्याचा प्रश्न नाही पाटील साहेब. कालपासून तीन जणींनी मला कारल्याच्या रसाची कृती पाठवली

रोहन (ए-३०३): मी डाउनलोड केली नाही, फक्त वाचली. आमच्या विंगमध्ये एकच माणूस नॉर्मल आहे आणि तो पण भाडेकरू 😂

शिंदे (सी-४०४): टाकी साफ झाली का?

मंगलाताई (सी-२०३): वैशाली अगं घाबरू नकोस 🌸 फॅटी लिव्हर म्हणजे शरीरात साठलेला कचरा. आपल्याकडे १४ दिवसांचं लिव्हर डिटॉक्स किट आलंय, भुईआवळा, गुळवेल, कुटकी, हळद सगळं नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य. सोसायटीतल्यांना सूट देईन. पर्सनलवर मेसेज कर

रोहन (ए-३०३): ताई तुमच्याकडून ते पाण्याचं मशीन घेतलं होतं मागच्या वर्षी त्याचा ईएमआय अजून चालू आहे आमच्या बाबांचा

मंगलाताई (सी-२०३): रोहन तू लहान आहेस म्हणून सोडून देते

कुलकर्णी काका (ए-५०१): वैशालीताई, माझं ऐका, मी या वाटेने जाऊन आलोय. २०२२ ला रिटायर झालो तेव्हा बँकेच्या चेकअपमध्ये सोनोग्राफीत ग्रेड २ फॅटी लिव्हर निघालं, आणि गंमत म्हणजे एसजीपीटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, अगदी नॉर्मल, म्हणून मी आधी लॅबवालाच चुकला म्हणून भांडून आलो. आयुष्यात दारूचा थेंब नाही, पान नाही, तंबाखू नाही, मग मलाच का. मग एकदा हिशोब मांडला, बँकेची सवय. दिवसाला सहा चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे नुसत्या चहातून बारा चमचे, वर सकाळी पोहे, चार वाजता बिस्किटं, सहा वाजता फरसाण, रात्री साडेनऊला भात आणि लगेच मालिका बघत लोळणं. कोणी खलनायक नाही हो यात, सगळं घरचंच. वजन ८२ होतं, अकरा महिन्यांत ७५ वर आणलं, परत सोनोग्राफी केली तर ग्रेड १ च्याही खाली. औषध एकही नाही. जावयाने दुबईहून आणलेला डिटॉक्स चहा अजून कपाटात तसाच आहे.

सावंत (बी-१०२): काका पण तुम्ही जिन्याने पण चढायला लागलात

कुलकर्णी काका (ए-५०१): ते माझ्या इच्छेने नाही, लिफ्ट बंद आहे म्हणून

रोहन (ए-३०३): कमिटीने आपल्या लिव्हरसाठीच लिफ्ट बंद ठेवलीय, आपण उगाच मेंटेनन्सवरून ओरडतो 🙏

सेक्रेटरी (ए-१०४): लिफ्टचा पार्ट चाकणहून यायचा आहे. या विषयावर मागील सभेत चर्चा झालेली आहे.

शिंदे (सी-४०४): मागच्या सभेत टाकीवर पण चर्चा झाली होती. साफ झाली का?

जोशी काकू (ए-२०२): कुलकर्णी भावजी तुम्ही साखर सोडली ते खरं पण गूळ चालतो ना? मी दोन वर्षं गुळाचाच चहा घेते आणि कॅम्पमध्ये माझंही काहीतरी आलंय

डॉ. स्नेहल (बी-६०१): काकू, लिव्हरच्या दृष्टीने गूळ आणि साखर चुलत बहिणीच. मध पण. फॅटी लिव्हरमध्ये गोड कमी म्हणजे सगळंच गोड कमी. आणि सगळ्यांना विनंती, कोणीही आपला रिपोर्ट इथे टाकून माझं मत विचारू नये. ज्यांना शंका आहे त्यांनी फॅमिली डॉक्टरला दाखवा, ते वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट यावरून फिब-४ नावाचा एक आकडा काढतात, त्यावरून पुढे तपासण्या लागतील की नुसतं खाणंपिणं सुधारून भागेल ते कळतं.

जोशी काकू (ए-२०२): अगं पण मी तर उपवास करते. गुरुवार, एकादशी, संकष्टी. तरी?

रोहन (ए-३०३): काकू तुमच्या एकादशीला आम्ही पण येतो, साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याचे लाडू, वऱ्याच्या तांदळावर आमटी. त्याला उपवास म्हणतात हे मला कॉलेजला गेल्यावर कळलं

जोशी काकू (ए-२०२): खाताना नाही सुचलं हे

डॉ. स्नेहल (बी-६०१): रोहन चेष्टेत बोलला तरी खरंय, साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. उपवासाला राजगिरा, ताक, काकडी, रताळं थोडं, एखादं अख्खं फळ असं ठेवलं तर बरं. फळाचा ज्यूस नको, फळ चावून खा.

मंगलाताई (सी-२०३): डॉक्टरांनी आयुर्वेदाचा पण आदर करावा ही नम्र विनंती. कोरोनात सगळ्यांनी गुळवेलच प्यायली होती. दुधीचा रस रोज सकाळी अनशापोटी घेतल्याने लिव्हर धुऊन निघतं, हे मी स्वतः अनुभवलंय

डॉ. स्नेहल (बी-६०१): आदर आहेच. पण गुळवेलीचं म्हणाल तर मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं छापलं होतं, आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, वाद झाला, तो राहू दे. मुद्दा एवढाच की नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी नव्हे. हळद भाजीत घाला, हळदीच्या अर्काच्या गोळ्या मिऱ्याच्या अर्काबरोबर घेऊन लिव्हर सुजलेले पेशंट जगभर नोंदवले गेलेत. ग्रीन टीच्या कॅप्सूलचंही तेच. आणि दुधीचा रस कडू लागला तर एक घोटही पिऊ नका, ओतून द्या. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीचा रस पिऊन मृत्यू झाला होता, त्यानंतर आयसीएमआरने समिती नेमून सूचना काढल्या होत्या. लिव्हर धुवायला लागत नाही ताई, बाकीचं सगळं तेच धुतं.

मंगलाताई (सी-२०३): हा मेसेज डिलीट केला आहे

मंगलाताई (सी-२०३): ज्यांना घ्यायचंय ते घेतील. मी कोणावर जबरदस्ती केलेली नाही 🌸

वैशाली (बी-३०२): स्नेहल, मग करायचं काय नक्की ते साध्या भाषेत सांग गं. हे तर म्हणतात मी आता नुसतं सूप पिणार

डॉ. स्नेहल (बी-६०१): नको नको, नुसतं सूप पिऊन चार दिवसांत वडापावच्या गाडीवर सापडतील. घाईने वजन उतरवणंही लिव्हरला चांगलं नाही. आहे त्या वजनाच्या ५ टक्के कमी झालं तरी लिव्हरमधली चरबी उतरायला लागते, ७ ते १० टक्क्यांनी सूजही कमी होते. कुलकर्णी काकांचं बघा, ८२ वरून ७५ म्हणजे साडेआठ टक्के. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. ताटात आधी भाजी, कोशिंबीर, उसळ, मग भाकरी, भात शेवटी आणि थोडा. कोल्ड्रिंक आणि डब्यातले ज्यूस बंद. बिनसाखरेची कॉफी दिवसाला दोनतीन कप चालेल, उलट लिव्हरला फायद्याचीच दिसते. आणि कंबर मोजा, आपल्याकडे पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० च्या वर गेली की सावध. बारीक माणसांनाही फॅटी लिव्हर होतं, म्हणून काट्यावर खूश होऊ नका.

सावंत (बी-१०२): मासे खावचे की नाय ता सांगा फक्त

डॉ. स्नेहल (बी-६०१): खा की. तव्यावरचे. रवा लावून तेलात पोहणारे नाही. आणि सोलकढी घ्या, पण ज्याच्याबरोबर घेता ते नको 🙂

सावंत (बी-१०२): इथेच गेम झाला. गुरुवारी गच्चीवर गटारी ठेवलीय, मेन्यू फायनल आहे, पैसे जमा केलेत

जोशी काकू (ए-२०२): गटारी नाही, दीप अमावस्या म्हणायचं. दरवर्षी सांगायचं का

सावंत (बी-१०२): काकू तुम्ही दिवे लावा, आम्ही पण आमच्या परीने लावतो

जोशी काकू (ए-२०२): मागच्या वर्षी तुमचे दिवे माझ्या तुळशीच्या कुंडीत सापडले, तीन बाटल्या. कमिटीला फोटो पाठवला होता, उत्तर आलं नाही

सेक्रेटरी (ए-१०४): गच्चीचा वापर नियमानुसारच होईल. कृपया विषयाला धरून बोलावे.

कुलकर्णी काका (ए-५०१): सावंत, जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलंय की दारूची कुठलीच मात्रा सुरक्षित नाही. ज्याचं लिव्हर आधीच चरबीने भरलंय त्याने तर वर्षाचे सगळेच दिवस श्रावण समजावा. आणि श्रावण पाळून भाद्रपदात वसुली करणारे पण मी बँकेत खूप पाहिलेत

सावंत (बी-१०२): काका तुमच्यामुळे माझी बायको आता हा मेसेज मोठ्याने वाचतेय

शिंदे (सी-४०४): टाकी साफ झाली का? तिसऱ्यांदा विचारतोय. मी २२ जूनला पण लिहिलं होतं, पाण्याला वास येतोय म्हणून, वर जाऊन बघा मेसेज.

रोहन (ए-३०३): शिंदे काका लिव्हर चाललंय, टाकी नाही 😄

शिंदे (सी-४०४): मी लिव्हरबद्दलच बोलतोय

मंगलाताई (सी-२०३): सगळीकडे टाकी टाकी टाकी

अश्विनी (सी-३०१): नमस्कार. मी सहसा इथे लिहीत नाही. अर्णवला कावीळ झालीय, शुक्रवारी रिपोर्ट आला, हिपॅटायटिस ए. मुलं त्याच्याशी खेळायला येणार नाहीत, लोक काहीबाही बोलतील म्हणून कोणाला सांगितलं नव्हतं. शिंदे काकांना लिफ्टपाशी कळलं, म्हणून ते विचारतायत बहुतेक. शाळेतून आलंय की घरच्या पाण्यातून ते कळत नाही

वैशाली (बी-३०२): अगं अश्विनी! सांगायचं नाही का

जोशी काकू (ए-२०२): बाळा काळजी करू नको. सासवडच्या बाजूला एक जण कावीळ उतरवतात, चुन्याच्या पाण्यात हात धुतात, पाणी पिवळंजर्द होतं, माझ्या भावाची तशीच उतरली. आणि उसाचा रस दे

डॉ. स्नेहल (बी-६०१): काकू प्लीज नको. ते पाणी कावीळ नसलेल्याच्या हातानेही पिवळंच होतं, आमच्या शाळेत विज्ञान दिनाला करून दाखवलं होतं, आमचे मुख्याध्यापक पण पिवळे निघाले. हिपॅटायटिस ए बहुतेक मुलांत आपोआप बरा होतो म्हणून उतरवणाऱ्याला श्रेय मिळतं. आणि गाडीवरचा उसाचा रस तर बिलकुल नाही, बर्फ कुठल्या पाण्याचा कोण जाणे. अश्विनी, घरचं साधं जेवण दे, वरणभात, मऊ भाकरी, ताजं ताक, थोडं तूप घातलं तर काही बिघडत नाही. पॅरासिटामॉलसकट कुठलीही गोळी डॉक्टरांना विचारूनच. झोपाळू झाला, असंबद्ध बोलायला लागला, उलट्या थांबेनात तर रात्र असो दिवस असो थेट हॉस्पिटल. घरातल्यांनी लसीबद्दल विचारून घ्या, आणि संडासानंतर साबणाने हात, सगळ्यांनी.

अश्विनी (सी-३०१): थँक्यू. तो म्हणतोय फॅटी लिव्हर मला पण आहे का 🙂

डॉ. स्नेहल (बी-६०१): सांग त्याला, नाही, हे दुसरं. त्याच्या बाबांचं बघू नंतर. बाकी, हा व्हायरस पोटात गेल्यापासून दोन ते सात आठवड्यांनी कावीळ दिसते, साधारण महिन्याभराने. म्हणजे आज जे दिसतंय ते जूनचं पाणी.

शिंदे (सी-४०४): २२ जून. टँकरचं पाणी सोडलं त्या आठवड्यात.

कुलकर्णी काका (ए-५०१): पाटील, आता मात्र उत्तर द्या. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोडला जीबीएस, तो नसांचा आजार, आलं तेव्हा हीच मंडळी दोन महिने पाणी उकळून पीत होती, नंतर कोणी टाकीचं झाकणही उघडून बघितलं नाही

सेक्रेटरी (ए-१०४): टाकी सफाईची कोटेशन मागवली होती. तीन कोटेशन आल्याशिवाय काम देता येत नाही, हा नियम मागील सभेत कुलकर्णी साहेबांनीच सुचवला होता.

कुलकर्णी काका (ए-५०१): मी रंगकामासाठी सुचवला होता!

रोहन (ए-३०३): कोणी क्लोरीन टेस्ट किट आणलंय का? मी ऑनलाइन मागवतो, उद्या येईल. पैसे नकोत. आणि अर्णवला सांगा माझा जुना प्लेस्टेशन संध्याकाळी दारात ठेवून जातो

वैशाली (बी-३०२): तोवर सगळ्यांनी पाणी खळखळून उकळून प्या. फिल्टर असला तरी. आणि पाटील साहेब, पीडीएफ तुम्ही पाच मिनिटांत टाकलीत

मंगलाताई (सी-२०३): अश्विनी मी पेज करून देऊ का अर्णवला? नुसती तांदळाची, मीठ घालून. किट वगैरे काही नाही

अश्विनी (सी-३०१): चालेल ताई

सेक्रेटरी (ए-१०४): सर्व सभासदांना कळविण्यात येते की टाकी सफाई गुरुवारी सकाळी १० ते संध्या. ६ या वेळेत करण्यात येईल. त्या काळात पाणीपुरवठा पूर्णपणे बंद राहील. सहकार्य करावे 🙏

सावंत (बी-१०२): गुरुवारी?? गटारीच्या दिवशी पाणी बंद?

जोशी काकू (ए-२०२): दीप अमावस्या.

रोहन (ए-३०३): सावंत काका सोड्यावर भागवा

सावंत (बी-१०२): बायको म्हणतेय नुसता सोडाच मिळणार आहे

शिंदे (सी-४०४): गुरुवारी वरची टाकी साफ करणार की खालची पण?

सेक्रेटरी (ए-१०४): 🙏

शिंदे (सी-४०४): वरची की खालची पण?