जॉन मार्टिनने शब्द गिळले, आणि सोबत गाणंही?

जुनी_कॅसेट
काल रात्री जॉन मार्टिनचे दोन अल्बम लागोपाठ ऐकले. १९६७ चा 'लंडन कॉन्व्हर्सेशन' आणि १९७७ चा 'वन वर्ल्ड'. पहिल्यात ग्लासगोत वाढलेला कोवळा पोरगा गिटार घेऊन स्वच्छ गातोय, शब्द न् शब्द कळतो. दहा वर्षांनी तोच माणूस तोंडात तंबाखूचा बार धरून गातोय असं वाटतं. निम्म्या ओळी मला छापील शब्द समोर ठेवून वाचाव्या लागल्या.

माझं म्हणणं सरळ आहे. लोकगीताचा जीव शब्दात असतो. जॅझच्या नादी लागून स्कॉटलंडने एक चांगला लोकगायक घालवला. मारा दगड.

चौथी_तार
पहिला दगड माझा. तुम्ही गायक शोधताय, तो तेव्हा सॅक्सोफोन होऊ बघत होता. जॅझ सॅक्सोफोनवादक फॅरो सँडर्सचं वाजवणं ऐकून आपण बदललो, हे तो स्वतः सांगायचा. १९७३ च्या 'सॉलिड एअर'चं शीर्षकगीत घ्या. ते त्याच्या मित्रासाठी, निक ड्रेकसाठी लिहिलेलं. मित्र आतून खचत चाललेला, आणि नोव्हेंबर १९७४ मध्ये तो गेलाच. अशा माणसाशी आपण खणखणीत आवाजात बोलतो का? शेजारी बसून पुटपुटतो. डॅनी थॉम्प्सनचा डबल बास खाली चालत राहतो आणि आवाज त्यावर धुक्यासारखा पसरतो. शब्द स्पष्ट असते तर ते गाणं उपदेश झालं असतं.

जुनी_कॅसेट
बरं. मग त्याच अल्बममधलं 'मे यू नेव्हर' काय आहे? एक गिटार, एक आवाज, सगळं लख्ख. १९७७ मध्ये रॉक गिटारवादक एरिक क्लॅप्टनने उचललं ते नेमकं हेच. टिकलं कुठलं, तुम्हीच बघा.

मीठभाकर
क्लॅप्टनने उचललं म्हणजे टिकलं? हे माप भलतंच आहे. 'मे यू नेव्हर' दुसऱ्याला गाता येतं म्हणून उचललं गेलं. पण त्याच अल्बमवर अमेरिकन ब्लूज गायक स्किप जेम्सचं जुनं गाणं आहे, ते मार्टिनसारखं दुसऱ्या कुणाला जमणं अवघड. तिथे तो इकोप्लेक्स वापरतो. डब्यात टेपची पट्टी फिरत असते. वाजवलेला सूर तिच्यावर उतरतो आणि क्षणभराने परत ऐकू येतो. मार्टिन त्या परतणाऱ्या सुराच्या फटीत पुढचा फटका बसवतो. पंजा तारांवर आपटतो, तोच तबल्याचं काम करतो. अल्बमवर साथीला इतर वादक आहेत, पण स्टेजवर एकटा असताना एक माणूस, अकूस्टिक गिटार, आणि वाटतं चौघे वाजवताहेत.

मी डिले पेडलवर, म्हणजे असाच सूर उशिरा परत देणाऱ्या पायाच्या यंत्रावर, हा प्रकार करून पाहिलाय. दोन मात्रांत माझाच सूर मला ओलांडून पुढे गेला. आई आतून म्हणाली, "ते बंद कर, नाहीतर नीट वाजव."

आडवाट
विषयांतर करतो. 'स्कॉटिश लोकगायक' ही पाटीच मला तोकडी वाटते. जन्म १९४८ चा, इंग्लंडमधल्या सरे परगण्यातला. खरं नाव इयन डेव्हिड मॅगीकी. आईवडील दोघंही ऑपेरा गाणारे. स्टेजवर दोन गाण्यांच्या मध्ये कधी ग्लासगोची बोली, कधी लंडनची कॉकनी. १९६८ च्या दुसऱ्याच अल्बमवर हॅरल्ड मॅकनेअर या जमैकन वादकाची बासरी आहे. म्हणजे जॅझ नंतर घुसला असं नाही, तो दारातच उभा होता.

जुनी_कॅसेट
बासरीचा मुद्दा मान्य. तंबाखूचा नाही.

घाटमाथा
इतका वेळ सगळे आवाजावर बोलताहेत, म्हणून विचारते. त्याची गायिका बायको बेव्हर्ली कुठे गेली? १९७० चे दोन अल्बम नवराबायकोच्या नावावर आहेत. त्यानंतर ती घरी आणि हा दौऱ्यावर. त्याने मारहाण केल्याचं तिने नंतर उघडपणे सांगितलंय. मग १९८० मध्ये 'ग्रेस अँड डेंजर' येतो, मोडलेल्या लग्नाचं दुःख घेऊन. रेकॉर्ड कंपनीच्या ख्रिस ब्लॅकवेलला तो इतका उघडावाघडा वाटला की त्याने तो बरेच महिने अडकवून ठेवला. आणि आपण म्हणतो, काय हळवा माणूस! त्या रेकॉर्डवर दुःख फक्त त्याचं आहे.

चौथी_तार
यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी तो अल्बम अजून ऐकतो, पण पूर्वीसारखा नाही.

जुनी_कॅसेट
घाटमाथा, तुम्ही नकळत माझीच बाजू घेतलीत. शब्द कळले तरच माणसाला जाब विचारता येतो. धुक्यात सगळेच हळवे दिसतात.

घाटमाथा
तुमची बाजू नाही घेतली. 'ग्रेस अँड डेंजर'मध्ये शब्द बऱ्यापैकी कळतात. तरी इतकी वर्षं त्याला जाब कुणी विचारला?

मीठभाकर
जुनी_कॅसेट, एकच विनंती. 'वन वर्ल्ड'मधलं शेवटचं 'स्मॉल अवर्स' रात्री एकदा परत लावा. बर्कशायरमधल्या शेतावर, तळ्याकाठी, उघड्यावर रात्रीच ध्वनिमुद्रण केलंय. मध्येच पाण्यावरचे हंस ओरडतात, तेही ठेवलंय. शब्द मोजकेच आहेत.

जुनी_कॅसेट
लावलं. हंसांचे शब्द त्याच्यापेक्षा स्पष्ट आहेत. पण दुसऱ्यांदा लावलंय, हेही सांगून टाकतो.