टाकळ्याच्या फुलावर भुंगा एवढा का गुरगुरतो? (आणि प्लॉटवरचं गवत कापायचं की ठेवायचं)

मुलुंडचा_डोंगर:
नमस्कार मंडळी, आमच्या बिल्डिंगच्या मागे एक मोकळा प्लॉट पडलाय, त्याच्या पलीकडे लगेच नॅशनल पार्कची भिंत. पावसाळ्यात तिथे कमरेएवढं रान माजतं आणि गणपतीच्या सुमारास सगळीकडे फुलं, टाकळा, तेरडा, केना, एकदांडी, अजून चार-पाच आहेत त्यांची नावं मला माहीत नाहीत. सकाळी चहा घेऊन गॅलरीत उभा राहिलो की हेच बघत बसतो. तर प्रश्न असा की टाकळ्याच्या पिवळ्या फुलावर तो मोठा काळा भुंगा येऊन बसतो, फुलाला मिठी मारतो आणि बसल्या जागी एकदम झर्रकन गुरगुरतो, उडतानाचा आवाज वेगळा आणि हा वेगळा, जरा चढ्या पट्टीतला. मग दुसऱ्या फुलावर, परत तेच. मधमाश्या मात्र टाकळ्याकडे फारशा फिरकत नाहीत, त्या एकदांडीवर असतात. हे काय चाललंय? दुसरं म्हणजे सोसायटी येत्या रविवारी सगळं मशीनने सफाचट करणार आहे, त्याबद्दलही कोणी बोला.

रानवेडी:
अहो मस्त गोष्ट पाहिलीत! टाकळ्याच्या फुलात मकरंद नसतोच, तो देतो फक्त पराग, आणि तोही असा उघड्यावर ठेवत नाही. बाकीच्या बऱ्याच फुलांत परागकोश उभे उकलतात, कोणीही यावं नि पराग अंगाला लावून जावं. टाकळ्याच्या परागकोशाला फक्त टोकाशी बारीक भोक असतं, मिठाच्या डबीसारखं, हलवल्याशिवाय काही बाहेर पडत नाही. भुंगा काय करतो तर पाय रोवून परागकोश धरतो, पंख मिटलेले ठेवतो आणि उडायला जे स्नायू वापरतो तेच नुसते थरथरवतो. ती थरथर अंगातून फुलात उतरते आणि पराग भुर्रकन त्याच्या पोटावर. तुम्ही ऐकलात तो आवाज हाच. सातेरी, आग्या, फुलोरी या आपल्या मधमाश्यांना ही युक्ती जमत नाही. कधी कधी भुंगा येऊन गेल्यावर पाकळ्यांवर सांडलेलं वेचायला येतात, तेवढंच.
आता जरा नीट बघा, काळ्या भुंग्यासोबत एक छोटी माशी पण दिसेल, पोटावर निळसर चमकदार पट्टे, एका जागी स्थिर अशी नसतेच. तिलाही गुरगुरता येतं. यांच्यातले नर रात्री गवताची काडी जबड्यात पकडून लटकून झोपतात, टॉर्च घेऊन गेलात तर सापडतील.

गच्चीवरची_वांगी:
@रानवेडी याच्यामुळेच आमच्या गच्चीवर टोमॅटो नीट धरत नव्हता बहुतेक! टोमॅटो आणि वांग्याचं फूलही असंच भोकवालं असतं ना. गावाकडे कधी काही करावं लागलं नाही पण इथे बाराव्या मजल्यावर भुंगा येणार कुठून. शेवटी कोणीतरी सांगितलं म्हणून जुना इलेक्ट्रिक टूथब्रश फुलाच्या देठाला लावायला लागलो, सकाळी दहाच्या आत, पिवळी धूळ उडताना डोळ्याला दिसते. बायकोची मैत्रीण समजते की दात घासतोय झाडाचे 😄

मुलुंडचा_डोंगर:
भारी आहे हे. मग केन्याचं काय? निळं फूल, मधे पिवळी फुली, माश्या येतात पण लगेच निघून जातात. आणि दुपार होईपर्यंत फूल मिटूनही जातं.

रानवेडी:
केना जरा लबाड आहे. ती पिवळी फुली म्हणजे नुसती जाहिरात हो, त्यात खायला जवळपास काही नाही आणि मकरंद तर फुलात कुठेच नाही. खरा पराग खालच्या पुंकेसरांत. माशी पिवळ्याकडे झेपावते, तिथे चाचपत बसते आणि तेवढ्या वेळात खालचे पुंकेसर तिच्या पोटाला घासतात. शिवाय त्याने दुसरी सोयही करून ठेवलीय, एखादं केन्याचं झाड मुळासकट उपटून बघा, जमिनीखाली पांढरट देठांवर न उघडणारी फुलं सापडतील, तिथे आपलं आपल्यातच बी धरतं. म्हणजे माशी आली तर उत्तम, नाही आली तरी पुढच्या वर्षी केना आहेच.
तेरड्याचं उलट. त्याच्या फुलामागे जी बारीक वाकडी शेपटी असते ना, मकरंद त्या शेपटीच्या टोकाला, तिथवर लांब सोंडेचेच पोचणार, म्हणजे मुख्यतः फुलपाखरं आणि काही लांब जिभेच्या माश्या. काही आगाऊ माश्या मात्र बाहेरूनच शेपटीला भोक पाडून रस पितात, फुलाचं काम काडीचं करत नाहीत. आणि तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतो आपण, पण तेवढ्यातही फूल आधी नर असतं मग मादी होतं. पुंकेसरांची एक टोपी असते, ती गळून पडली की आतलं टोक मोकळं होतं, मग दुसऱ्या फुलावरचा पराग घ्यायला तयार. दोन्ही प्रकारची फुलं एकाच झाडावर शेजारी शेजारी दिसतील.

सेक्रेटरी_बी_विंग:
मी याच सोसायटीतला नाही पण आमच्याकडेही हाच वाद. सगळं छान आहे हो पण साप निघतात, डास होतात, लहान मुलांना माश्या चावल्या तर उत्तर आम्हालाच द्यावं लागतं. फुलपाखरं बघायला एक जण, तक्रारी करायला चाळीस.

पाणवठा:
सेक्रेटरीसाहेब, डास फुलांत होत नाहीत, साचलेल्या पाण्यात होतात, प्लॉटवरचं भंगार, टायर आणि कुंड्यांखालच्या ताटल्या आधी उचला. माश्यांचं म्हणाल तर रानफुलांवर दिसतात त्यातल्या बऱ्याच एकट्या राहणाऱ्या, राखायला पोळं नसतं, त्यामुळे उगाच अंगावर येत नाहीत, हातात पकडली तर चावणारच. आणि काळे-पिवळे पट्टे असलेली, हवेत एका जागी तरंगणारी जी दिसते तिला घाबरूच नका, ती गांधीलमाशीचं सोंग घेतलेली साधी माशी आहे, दोनच पंख, नांगीच नाही. तिच्यातल्या कित्येकींच्या अळ्या मावा खातात, म्हणजे तुमच्या जास्वंदीचं भलंच करतात. आग्या मोहोळ मात्र वेगळी गोष्ट, ते कुठे दिसलं तर दगड न मारता माहितगार माणूस बोलवा.
सापांचं खरं आहे. म्हणून भिंतीलगत आणि पायवाटेच्या दोन्ही बाजूंना पट्टा साफ ठेवा, मुलांना रानात शिरू देऊ नका.

रानवेडी:
+१. आणि कापायचंच असेल तर या रविवारी नको, निदान सगळं तरी नको. टाकळा नि तेरडा एका वर्षाची झाडं आहेत, बी पडायच्या आत कापली तर पुढच्या पावसात येतील कुठून? टाकळ्याच्या शेंगा वाळून करड्या होऊ देत, तेरड्याची बोंडं फुटू देत, दिवाळी होऊन गेली की मग खुशाल मशीन चालवा. मधमाशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर फिरते, म्हणून एका जातीची चार-दोन झाडं इकडे तिकडे ठेवून भागत नाही, बऱ्यापैकी घोळका लागतो. थोडी उघडी मातीही राहू द्या, एकट्या माश्या जमिनीत बीळ करतात. भुंगा वाळक्या लाकडात नि बांबूत पोखरतो, तो जुना बांबू फेकू नका.
पहिल्या पोस्टमध्ये चार-पाच नावं माहीत नाहीत म्हणालात, फोटो टाका.

मुलुंडचा_डोंगर:
टाकतो संध्याकाळी. मीटिंगमध्ये निम्मा प्लॉट दिवाळीनंतर कापायचा असं मांडतो, बघू कोण ऐकतंय. एक राहिलं, कोपऱ्यात घाणेरीचं मोठं जाळं झालंय, फुलपाखरं तर सगळ्यात जास्त तिथेच. ती ठेवायची का?

पाणवठा:
घाणेरी काढा, बाहेरची आहे आणि बाकीच्यांना जागाच देत नाही, दोन-तीन वर्षांत तुमचा टाकळा-तेरडा गिळून टाकेल. एकदम नको काढू, टप्प्याटप्प्याने, आणि मोकळ्या झालेल्या जागेत खुळखुळा लावा. ब्लू टायगर फुलपाखरांचे नर त्याच्यासाठी वेडे होतात, वाळक्या पानांतून आणि शेंगांतून रसायन ओढून घेतात, माद्यांना भुलवायचा वास त्यापासून बनतो. बी मिळालं नाही तर इथे सांगा, माझ्याकडे आहे.